गळ्याइतक्या पाण्याचं क्रीडांगण

माझी स्कूटर मिस्त्रीकडे अकरा दिवस पडून राहिली नसती, तर मी आज पर्यावरणवादी नसतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मागे एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना 'सरांना लहानपणापासून निसर्गाची ओढ' असं म्हटलं गेलं, आणि मागच्या रांगेत बसलेली माझी बायको हर्षा एवढ्या जोरात खोकली की सूत्रसंचालिकेनं तिच्यासाठी पाण्याचा ग्लास पाठवला.

खरं ते एवढंच, की स्कूटर नव्हती आणि घरात हर्षाची जुनी लेडीज सायकल होती. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. घरापासून कॉलेज तीन किलोमीटर. दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्ये मी, पुढे बास्केट. अकरा दिवस मी मान खाली घालून गेलो आणि मान खाली घालून आलो. प्राचार्य डॉ. घनश्याम डोंगरवार रोज वऱ्हांड्यातून हे बघत होते, हे मला माहीत नव्हतं.

बाराव्या दिवशी स्टाफ मीटिंग झाली. विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी पुढच्या जानेवारीत समिती येणार होती. प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यात एक माणूस असा आहे जो पर्यावरणावर भाषण देत नाही. तो जगून दाखवतो." तो कोण हे बघायला मी मागे वळलो, तर मागचे सगळे माझ्याकडे बघत होते. अशा रीतीनं मी, अंकुश नंदेश्वर, हरित परिसर समितीचा संयोजक झालो. त्याच संध्याकाळी स्कूटर दुरुस्त होऊन आली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो, तर प्राचार्यांनी काळजीनं विचारलं, "काहून नंदेश्वर, तब्येत बरी नाही का?" तेव्हापासून स्कूटर घरी आणि मी सायकलवर.

समितीला पाठवायच्या अहवालात एक प्रश्न होता : परिसरात नैसर्गिक जलसाठा आहे काय? प्राचार्यांनी माझ्या नेमणुकीच्या आधीच त्यापुढे 'होय, सुस्थितीत' असं लिहून ठेवलं होतं.

"सर, हा जलसाठा कुठं आहे?" मी विचारलं.

"मागं बोडी आहे ना आपली."

बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्याकडे धानाला वेळेवर पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी गावोगाव बांधलेल्या आहेत. कॉलेजच्या मागची बोडी मी अकरा वर्षांच्या नोकरीत जलसाठा म्हणून कधी ओळखली नव्हती. ती गाळानं अर्धी भरलेली होती आणि तिच्यात पुरुषभर उंच बेशरम माजली होती. जांभळी फुलं येतात, गुरं तोंड लावत नाहीत, आणि उपटली तरी पुन्हा उगवते म्हणून हे नाव. कँटीनचे प्लास्टिकचे कपही तिथंच जात.

"मग 'सुस्थितीत' कसं लिहिलं?"

"आता तुम्ही आहात ना," प्राचार्य प्रेमानं म्हणाले.

मी ठरवलं, एक रविवार. फक्त एक. राष्ट्रीय सेवा योजनेची चाळीस मुलं घ्यायची, बेशरम उपटायची, फोटो काढायचे, विषय संपला. शनिवारी संध्याकाळी हा बेत मी शेजारच्या भैय्यालालजी कापगत्यांना सांगण्याची चूक केली. भैय्यालालजी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कालवा राहिला नाही, पण निरीक्षण राहिलं.

"बेशरम उपटू नका," ते म्हणाले. "म्हणजे उपटा, पण तिची काडी ओल्या जमिनीवर टाकू नका. जिथं टाकाल तिथं झाड होते. वाळवा, जाळा, पण टाकू नका. आणि तुम्ही स्वतः गाळात उतरू नका. तुमचं वजन पाहून सांगून राहिलो."

वजनाचा उल्लेख मला आवडला नाही, म्हणून मी मुद्दाम उतरलो.

चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डावा टेकवला, तर डावा मांडीपर्यंत गेला. काठावरची चाळीस मुलं 'सर, सर' करत होती. त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाईल होते. मी प्रसन्न चेहऱ्यानं, जणू ठरवूनच खोली मोजतो आहे असा उभा राहिलो. तेवढ्यात पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, आवाज आला, "कोन होय रे थो? माह्या शिंगाड्याच्या जाग्यात कोन घुसला?"

साठीच्या पुढची, काटक बाई. खांद्यावर जाळं, हातात लांब बांबू. ही कुंताबाई. बोडीत जिथं थोडं पाणी उरलं होतं तिथं ती मासोळ्या धरायची आणि शिंगाडे लावायची. तिची सासूही तेच करत असे.

"मी प्राध्यापक आहे," मी गाळातून सांगितलं.

"असशीन. पन हलू नोको, अजून जाशीन." तिनं बांबू पुढे केला. "धर. आन पाय सरळ वढू नोको, आडवा वढ."

मी बाहेर आलो. उजव्या पायातली चप्पल आली नाही. ती अजूनही तिथंच असावी.

संध्याकाळपर्यंत मुलांनी बरीच बेशरम उपटली, काठावर वाळत घातली. फोटो निघाले. त्यातला माझा फोटो वर्गाच्या ग्रुपवर 'सर खोलात जाऊन शिकवतात' या मथळ्याखाली फिरला. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

तो संपला नाही, त्याला कारण रश्मी.

मार्चमध्ये मी दरवर्षी एक नोटीस लावतो : 'बी.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनींची उपस्थिती अत्यंत असमाधानकारक आहे.' मार्च लागला की माझ्या वर्गातल्या मुली गायब होत. साठातल्या पस्तीस मुली, त्यातल्या चारपाच उरत. परीक्षेचा अभ्यास करत असतील, लग्नं ठरत असतील, असं मी धरून चाललो होतो. त्या वर्षी नोटीस लागली त्याच दिवशी रश्मी गजभिये नावाची मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, बोलताना नजर न हलवणारी.

"सर, नोटिशीत कारण लिहा ना."

"कोणतं कारण?"

"फेब्रुवारीत कॉलेजची विहीर आटते. मग मुलींच्या बाथरूमले कुलूप लावतात. आमी सकाळी सात वाजता घरून निघतो, एस.टी.नं येतो, तीन वाजता घरी जातो. भर उन्हात पाणी पिणं सोडून देतो सर आमी, म्हणजे जायचं काम पडू नये. दोन पोरी मागच्या वर्षी चक्कर येऊन पडल्या. मग घरचे म्हणतात, नोको जाऊ."

स्टाफरूमच्या मागे आम्हा पुरुष प्राध्यापकांसाठी वेगळी सोय होती. तिथं शिपाई रोज एक ड्रम भरून ठेवत असे. अकरा वर्षं मी त्या ड्रमातलं पाणी वापरून बाहेर येत होतो आणि नोटीस लिहीत होतो.

मी उठून ती नोटीस काढून टाकली. मग कुठं जावं कळेना म्हणून विहिरीकडे गेलो. तिथं कुंताबाई शेळी बांधत होती.

"विहीर का आटते हो?" मी तिला विचारलं.

तिनं माझ्याकडे, मी अगदीच अशिक्षित असल्यासारखं बघितलं. "बोडीत पानी असन त विहिरीत पानी. बोडी गाळानं मेली, विहीर कायले जगन? माही सासू सांगे, जेठातही या विहिरीचं पानी हातानं घेता येत होतं."

म्हणजे आता फोटोपुरती बेशरम उपटून चालणार नव्हतं. गाळ काढायला हवा होता.

गाळ काढायला परवानगी लागते. तालुक्याच्या कचेरीत चंद्रकला मॅडम नावाच्या लिपिक होत्या. चष्मा नाकावर, समोर फायलींची भिंत, आणि त्या भिंतीतल्या एका फटीतून आमचं बोलणं. त्यांनी कॉलेजचा नकाशा काढला.

"बोडी नाही इथं."

"मॅडम, मी तिच्यात पडलो आहे."

"पडले असाल. पण नोंद नाही. या जागी क्रीडांगण आहे."

मला उलगडा झाला तो असा : कॉलेजला मान्यता घेताना मोठं क्रीडांगण दाखवणं आवश्यक होतं. संस्थेकडे मोकळी, मोठी, चौकोनी अशी एकच जागा होती आणि तिच्यात पाणी होतं. तेव्हाच्या लोकांनी पाण्याकडे दुर्लक्ष केलं. गेली पंचवीस वर्षं आम्ही कागदोपत्री त्या बोडीत कबड्डी, खो-खो आणि दोनशे मीटर धावण्याच्या शर्यती घेत आलो होतो.

"मग क्रीडांगणातला गाळ काढण्याची परवानगी द्या," मी म्हणालो.

"क्रीडांगणात गाळ कसा राहील? तलावातून काढला तर गाळ, मैदानातून काढला तर ती माती झाली. गौण खनिज. त्याचा अर्ज वेगळा, त्याचं कार्यालय वेगळं."

मी त्या वेगळ्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मैदान बघून सांगितलं की हे मैदान नसून बोडी आहे, त्यामुळे विषय त्यांच्याकडे येत नाही. मी परत आलो. चंद्रकला मॅडम म्हणाल्या, मग नोंद दुरुस्त करून आणा. प्राचार्यांना विचारलं, तर ते खुर्चीतून उठले. "नंदेश्वर, जानेवारीत समिती येऊन राहिली आणि तुम्ही माझं क्रीडांगण बुडवता?"

चौथ्या खेपेला मी कचेरीत नुसताच बसून राहिलो. एस.टी.ला अजून दीड तास होता. माझी अवस्था बघून मॅडमनी फायलींच्या फटीतून चहाचा कप सरकवला आणि विचारलं, "एवढं काय अडलं आहे सर? दुसऱ्या कॉलेजवाले फोटो लावून मोकळे होतात."

मी त्यांना रश्मीचं सांगितलं. सगळं. ड्रमाचंही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी पवनीच्या बाजूनं सात वर्षं एस.टी.नं येत होती इथं नोकरीले," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं कचेरीतलं वाटलं नाही. "मले नोका सांगू उन्हात पाणी सोडणं काय असते." मग त्यांनी कोरा कागद घेतला. "मला सांगा, तुमच्या मैदानावर पावसाळ्यात पाणी साचते काय?"

"साचतं."

"किती?"

"गळ्यापर्यंत."

"मग तसा अर्ज करा. 'मैदानावर पाणी साचते, त्याची योग्य व्यवस्था करण्याकामी साचलेली माती काढून शेतकऱ्यांना देण्यास परवानगी मिळावी.' यात खोटं काही आहे काय?"

नव्हतं. एक अक्षरही खोटं नव्हतं. आठ दिवसांत परवानगी आली.

मे महिन्यात गाळ निघाला. आसपासचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, कारण बोडीचा गाळ बांधीत टाकला की धान चांगलं होतं हे त्यांना आमच्या समितीनं सांगण्याची गरज नव्हती. भैय्यालालजी रोज सकाळी छत्री घेऊन पाळीवर हजर. खोदणाऱ्या मशीनच्या ड्रायव्हरला आणखी खोल जायची हौस, आणि भैय्यालालजी छत्री आपटून ओरडायचे, "बस! खालची चिकणमाती फोडशीन त पाणी थांबणार नाही! तव्याले भोक पाडून राहिला का?" मशीन एकदा रुतलं; ते काढायला आलेला ट्रॅक्टरही रुतला. ते दोघं तीन दिवस शेजारी शेजारी उभे होते, आणि प्राध्यापक मंडळी रोज दुपारी तिथं उभी राहून माझ्याबद्दल बोलत होती. चौथ्या दिवशी कुंताबाईनं बेशरमीच्या वाळल्या काड्यांचे भारे चाकाखाली घालायला सांगितले आणि दोन्ही निघाले.

जून गेला, जुलै आला. पाऊस चांगला झाला. सगळीकडे पाणी झालं. रस्त्यावर झालं, बांध्यांत झालं, एके सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्येही झालं; त्यांच्या टेबलाखालून फायली होडीसारख्या बाहेर आल्या. बोडीत मात्र घोटाभर पाणी.

त्या आठवड्यात मी कॉलेजात मागच्या दारानं जात होतो. प्राचार्य ओले मोजे दोरीवर वाळत घालताना भेटले. "नंदेश्वर," ते फक्त एवढंच म्हणाले, "जलसाठा."

त्याच आठवड्यात वृक्षारोपणही झालं. एक्कावन्न रोपं. त्यांना आधाराला काठ्या हव्या होत्या. मुलांनी कुठून तरी सरळ, हिरव्या, सारख्या उंचीच्या एक्कावन्न काठ्या आणल्या. मी शाबासकी दिली. कुठून आणल्या हे विचारलं नाही, कारण डोकं बोडीत होतं.

शेवटी मी कुंताबाईच्या घरी गेलो. ती जाळं विणत होती.

"गाळ काढला, पाऊस पडला, मग बोडी भरत का नाही?"

"मले कोनी विचारलं का?" ती जाळ्यातून वर न बघता म्हणाली. "तुमी मशीन आनली, टॅक्टर आनले, छत्रीवाला आनला. पानी कुठून येते हे कोनाले विचारलं?"

मी खाली बसलो. "चुकलं. आता विचारतो."

मग ती उठली आणि मला पावसात घेऊन गेली. जंगलाच्या चढावरून पाणी येई, ते एका पाटातून बोडीत उतरे. पाट कॉलेजच्या कुंपणापर्यंत छान वाहत होता. तिथं तो थांबून डावीकडे वळत होता आणि सरळ प्राचार्यांच्या केबिनकडे जात होता. ज्या जागी तो पूर्वी बोडीकडे जायचा, तिथं सिमेंटच्या ओट्यावर याच उन्हाळ्यात बांधलेलं आमचं नवं सायकल स्टँड उभं होतं. त्यावर संगमरवरी पाटी : संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मरणार्थ.

म्हणजे कॉलेजातला सायकलनं येणारा एकमेव प्राध्यापक आता सायकल स्टँड तोडायला सांगणार होता, तेही अध्यक्षांच्या वडिलांचं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही अध्यक्षांकडे जा. मी रजेवर आहे." ते समोर बसून हे सांगत होते.

मी भैय्यालालजींना सोबत घेतलं. अध्यक्षसाहेब ओसरीवर बसले होते. मी पाटाचा नकाशा पसरला, उतार समजावला. ते शांतपणे ऐकत होते, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. माझं संपल्यावर ते म्हणाले, "सर, सगळं ठीक आहे. पण बाबाची आठवण आहे ते. लोक काय म्हणतील? बापाच्या नावाचं पोरानं तोडलं."

भैय्यालालजींनी छत्री जवळ ओढली, म्हणजे आता निघायचं. तेवढ्यात आतून अध्यक्षांच्या आई, शकुनबाई, काठी टेकत बाहेर आल्या. ऐंशीच्या असतील.

"कोनाच्या आठवनीचं?" त्यांनी विचारलं.

"बाबाच्या, माय. सायकल स्टँड."

"सायकल स्टँड?" म्हातारी थांबली. "तुह्या बापाले सायकल येत नव्हती."

अध्यक्षसाहेब पाटाचा नकाशा पुन्हा बघू लागले.

"एकदा शिकाले गेला होता," शकुनबाई सावकाश खाटेवर बसत म्हणाल्या. "थेट शेणाच्या खड्ड्यात गेला. त्यानंतर हात लावला नाही. जनमभर पायी चालला. मी तवाच म्हणनार होती, पन मले कोनी पाटी दाखवलीच नाही." मग माझ्याकडे वळून, "पानी अडते का त्याच्यानं?"

"हो आजी."

"बांधीच्या पान्यासाठी रात पाहे ना दिवस, असा मानूस होता थो. त्याच्या नावानं पानी अडवता?" त्यांनी मुलाकडे बघितलं. "तोड म्हना. पाटी न्या बोडीवर, थंडाव्याले ठेवा."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सायकल स्टँड उतरलं. सायकली करंजीच्या झाडांखाली गेल्या. मुलांनी पाट मोकळा केला. पाणी आधी थोडं बावरल्यासारखं जुन्या वळणावर घुटमळलं, मग ओट्याच्या जागेवरून सरळ बोडीत उतरलं. कुंताबाई पाळीवर उभी होती. तिनं हात जोडले नाहीत. फक्त जाळं खांद्यावरून काढून खाली ठेवलं, जणू आता घाई नाही. बारा दिवसांत बोडी भरली.

सप्टेंबरमध्ये प्राचार्यांनी मला खास बोलावलं. ते वऱ्हांड्यातून लांबवर बघत होते. "नंदेश्वर, मानलं तुम्हाला. एक्कावन्नपैकी एक्कावन्न जगली!" मी बघितलं. खरोखर एक्कावन्न हिरवी, तुकतुकीत झाडं एका ओळीत डोलत होती. मी अभिमानानं जवळ गेलो. रोपं मेली होती. जगल्या होत्या काठ्या. दोनतीन काठ्यांना जांभळी फुलंही आली होती. भैय्यालालजी कुंपणापलीकडून बघत होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. पुढचे दोन रविवार आम्ही काठ्या मुळासकट खणून, वाळवून, जाळल्या आणि कडुलिंबाची रोपं लावली, बांबूच्या आधारानं.

जानेवारीत समिती आली. तिघे जण, अध्यक्ष म्हणून बाहेरच्या राज्यातल्या एक उंच, गंभीर मॅडम. बोडीजवळ आल्यावर त्या थांबल्या. पाणी काठोकाठ, मध्ये शिंगाड्याची हिरवी चटई, पलीकडे बदकं. प्राचार्य माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, जणू मी त्यांच्याच पोटी जन्मलो.

मॅडमनी फाईल उघडली. "बहुत सुंदर," त्या म्हणाल्या. "अब क्रीडांगण दिखाइए."

खांद्यावरचा हात निघाला.

प्राचार्यांनी घसा साफ केला, क्रीडाशिक्षकांकडे पाहिलं. क्रीडाशिक्षक आभाळाकडे बघत होते. मला वाटलं, आता खोटं बोललो तर पुन्हा कुणी तरी हे पाणी बुजवून मैदान करायला येईल. "मॅडम," मी म्हणालो, "कागज पर यही क्रीडांगण है." आणि मला येत होती तेवढ्या हिंदीत सगळं सांगितलं.

मॅडमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेवढ्यात कंबरेइतक्या पाण्यात उभी असलेली कुंताबाई म्हणाली, "उभी काहून बाई? शिंगाडा खातं का?" आणि उत्तराची वाट न बघता चार शिंगाडे काठावर टाकले. मॅडम वाकल्या, एक उचलला आणि सोलायचा कसा हे रश्मीला विचारलं. रश्मीनं सोलून दिला, आणि सोलता सोलता विहिरीचं, कुलपाचं, सगळं सांगितलं. मॅडमनी चारही शिंगाडे संपवले. मग विहिरीपाशी जाऊन स्वतः दोर सोडून पाणी पाहिलं.

अहवालात आलं : 'जलसाठा अनुकरणीय. क्रीडांगणाची नोंद एक वर्षात दुरुस्त करावी व पर्यायी जागा दाखवावी.' आमची श्रेणी 'ब' होती ती 'ब अधिक' झाली. त्या अधिकाच्या चिन्हातली उभी रेघ मी आहे, असं मी हर्षाला सांगितलं. ती म्हणाली, "मग आडवी कुंताबाई. तिच्याशिवाय ते चिन्ह झालं नसतं." पर्यायी जागेचं भैय्यालालजींनी सोडवलं. त्यांचं उंचावरचं एक वावर होतं, तिथं पाणी चढत नाही म्हणून धान होत नव्हतं. ते त्यांनी मुलांना खेळायला दिलं. अट एकच : ते रोज निरीक्षण करणार.

मग मार्च आला.

मार्चच्या तासांची माझी एक सवय झाली होती. वर्गात वीसपंचवीस मुलं, त्यातली निम्मी पेंगणारी. तीन घटक फेब्रुवारीपर्यंत संपलेले. चौथा घटक आहे 'विदेशी विनिमय दर'. तो मी सुरू करायचो, दोन व्याख्या द्यायचो आणि म्हणायचो, "उरलेलं सोपं आहे, घरी वाचा." अकरा वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती.

त्या दिवशी दार ढकललं आणि चुकून दुसऱ्याच वर्गात आलो असं वाटलं. बाक भरलेले होते. पस्तीसच्या पस्तीस मुली. खिडकीत पाण्याच्या बाटल्यांची रांग. मी नेहमीप्रमाणे दोन व्याख्या दिल्या, खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "उरलेलं सोपं आहे, घरी..."

"सर," रिता म्हणाली. शेवटून दुसऱ्या बाकावरची, वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. "रुपयाचा भाव पडला त आपला तांदूळ बाहेर जास्त जाते ना? मग आमच्या धानाले भाव काहून भेटत नाही?"

पस्तीस पेनं वहीवर टेकली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर दोनच व्याख्या होत्या आणि दोन्हीत याचं उत्तर नव्हतं.

"प्रश्न चांगला आहे," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

त्या संध्याकाळी जेवण लवकर उरकून मी पुस्तक काढलं. चौथ्या घटकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. हर्षानं सुरी आणून दिली.